चोरबाजारातली यशोदा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत आपल्या हातून घरातलं काय काय बाहेर जातं, याचा हिशेब कधी ठेवला आहे का तुम्ही? मी नव्हता ठेवला. दोन वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याच्या घराला रंग काढला. रंगारी दारात उभे, भिंती मोकळ्या करायची घाई, शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेले. पदर खोचून मी कामाला लागले. मधल्या खोलीत एक जुनं कॅलेंडरचं चित्र होतं. लोणी खाणारा कृष्ण आणि त्याला पाहून हसणारी यशोदा. काच तडकलेली, चौकटीला वाळवी लागलेली. चौकट भंगारात गेली आणि चित्र जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीत घालून रद्दीवाल्याला देऊन टाकलं. सगळी मिळून साडेतीन किलो भरली.

रंग झाला, घर कसं लख्ख दिसायला लागलं. चार दिवसांनी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मधल्या खोलीत उभ्या राहून म्हणाल्या, "यशोदा कुठे गं?" मी म्हटलं, "खराब झाली होती, रद्दीत दिली." त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. एरवी वाटाण्याच्या शेंगा निवडतानासुद्धा मला चार गोष्टी ऐकवणाऱ्या आमच्या आई त्या दिवशी गप्प बसल्या, तेच मला लागलं.

आता गंमत बघा. त्याच सुमारास पुण्याला एका मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. तिच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे काय टांगलेलं होतं म्हणता? जुन्या जाहिराती! साबणाची, चहाची, केसांच्या तेलाची. काळ्या चौकटीत, एका ओळीत. सगळ्या बायका कौतुकानं बघत होत्या. मीही बघितलं, आणि येताना एसटीत मनाशी ठरवलं, की शिकवणीच्या पैशातून आपणही अशी भिंत सजवायची. घरची जाहिरात साडेतीन किलोत देऊन आलेली बाई दुसऱ्यांच्या जाहिराती विकत घ्यायला निघाली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

जानेवारीत गिरगावात धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. मुंबईत अशी चित्रं कुठे मिळतात म्हणून विचारलं, तर तिची नणंद म्हणाली, "चला वहिनी, चोरबाजारात जाऊ." नाव ऐकून मी जरा बिचकलेच. पण मुळात हा 'शोर बाजार', म्हणजे गलबल्याचा बाजार. साहेबाच्या तोंडी त्याचा 'चोर' झाला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. गलबला मात्र आहेच.

तुम्हाला जायचं असेल तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा आणि मौलाना शौकत अली रोडने भेंडीबाजाराच्या दिशेने चालत सुटा. मटन स्ट्रीट विचारलंत की कुणीही सांगेल. शुक्रवारी इथली दुकानं बंद असतात आणि रस्त्यावरच पहाटेपासून पथाऱ्या लागतात. तेव्हा आपल्यासारख्यांनी शुक्रवार सोडून जावं. सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर दुकानदार नुकतेच चहा घेऊन बसलेले असतात, निवांतपणे दाखवतात. पायात चपटी चप्पल आणि पर्सला चेन हवी. लहान मुलं नेऊ नका. प्रत्येक वस्तूला हात लावायचा मोह होतो, आणि तो मोठ्यांनाच आवरत नाही.

त्या गल्लीचं काय वर्णन करू? एका दुकानात नुसते दिवे, हंड्या, झुंबरं. शेजारी पितळी कर्णे असलेले ग्रामोफोन. पुढे मोटारीचे सुटे भाग, शेजारी संगमरवरी टेबल, त्यावर कुणाच्या तरी आजोबांचा फोटो चौकटीसकट! तो बघून मात्र पोटात गलबललं. भेंडीबाजाराच्या बाजूला जुन्या चाळी पाडून उंच इमारती उठल्या आहेत, आणखी उठताहेत. नणंद म्हणाली, "ही गल्ली तरी किती दिवस अशी राहील कुणास ठाऊक." तेव्हा बघायची असेल तर फार वर्षं लांबवू नका.

जुन्या कागदांचं दुकान म्हणजे जेमतेम आमच्या स्वयंपाकघराएवढं. आत पांढरी दाढी राखलेले एक वृद्ध गृहस्थ. मी जाहिराती म्हटल्यावर त्यांनी हिंदीत विचारलं, "कागद की पत्रा?" म्हटलं, दोन्ही दाखवा. आणि मग पुढचे दोन तास आम्ही दोघी तिथेच.

पत्र्याच्या म्हणजे एनॅमलच्या पाट्या. आपल्या लहानपणी पेठेतल्या दुकानांवर निळ्या-पिवळ्या चकचकीत पाट्या असायच्या, चहाच्या, शाईच्या, साबणाच्या, त्याच. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत पूड भट्टीत वितळवून त्या करत, म्हणून ऊनपावसात पन्नास पन्नास वर्षं रंग उडत नसे. टवका उडाला की मात्र तिथे गंज धरतो. गृहस्थांनी मला पाटीच्या अक्षरावरून बोट फिरवायला लावलं. खऱ्या पाटीत एका रंगावर दुसरा रंग चढवलेला असतो, तो बोटाला पायरीसारखा लागतो. नुसत्या छापलेल्या पत्र्यावर बोट सरळ घसरतं. नव्या पत्र्याला मुद्दाम गंज आणून जुना म्हणून विकणारेही आहेत. तेव्हा गंज कुठे आहे ते बघायचं. खिळ्याच्या भोकांभोवती आणि कडांना असेल तर ठीक. बरोबर शोभेल अशा मध्यभागी असेल तर दुकानातून बाहेर पडायचं!

पण पत्रा मला परवडण्यासारखा नव्हता. मी कागदाकडे वळले, आणि खरी दौलत तिथेच होती. एका वहीत काडेपेट्यांवरची चित्रं चिकटवलेली. दुसऱ्या पुठ्ठ्यात मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर लावायची रंगीत तिकिटं. तिकडचा गिरणीवाला इकडच्या गिऱ्हाइकाला ओळखू यावं म्हणून ताग्यावर आपले देव, राजे, हत्ती, मोर छापून पाठवायचा. वाचता न येणारी बाईसुद्धा "मोरछाप द्या" म्हणून मागू शके. जाहिरात म्हणजे काय, हे मला बी.ए.ला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

देवादिकांच्या चित्रांचा हा सगळा पसारा ज्या गिरगावात मी उतरले होते तिथूनच वाढला, हेही मला दुपारी जेवताना बहिणीच्या सासऱ्यांनी सांगितलं. राजा रविवर्मांनी 1894 साली छापखाना काढला तो गिरगावात. जर्मनीहून यंत्रं आणली, कारागीर आणले. रंगीत चित्र छापायचं तर प्रत्येक रंगासाठी एक गुळगुळीत चुनखडीचा दगड लागे. दहा दहा, बारा बारा दगडांवरून एकच कागद फिरायचा, तेव्हा कुठे लक्ष्मीच्या साडीचा तो लाल रंग उतरायचा. 1896 साली मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्ज डोईजड झालं आणि काही वर्षांतच रविवर्मांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायखर यांना, विकून टाकला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमा काढण्यापूर्वी काही काळ तिथे काम केलं होतं. चित्रं मात्र घराघरात गेली. राजवाड्यात टांगलेली लक्ष्मी कोकणातल्या कुडाच्या भिंतीवर आली. साबणवाल्यांनी, औषधवाल्यांनी हेच ओळखलं. देवाच्या चित्राखाली आपलं नाव घातलं की कॅलेंडर वर्षभर तर राहतंच, पण वर्ष संपल्यावरही कुणी फेकत नाही. पुढे तीच वाट मुळगावकरांची, दलालांची. त्यांच्या देखण्या नायिका तर आपल्या आयांनी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या असत. माझ्या आईच्या पेटीत होती.

एक सांगू? त्या दुकानात शंभर-सव्वाशे जाहिराती बघितल्यावर माझ्या मनात आलं, की साबणाच्या जाहिरातीतली बाई कधी कपडे धुताना दिसत नाही. हातात वडी, केसात गजरा, चेहऱ्यावर हसू. पिळे पिळून हाताची सालं गेलेली बाई एकाही चित्रकाराला दिसली नाही. आणि गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात तर मी, चित्र कितीही सुंदर असलं तरी, माझ्या मुलीच्या डोळ्यांपुढे टांगणार नाही. जुनं म्हणून सगळंच भिंतीवर चढवू नये. बिडीचीही एक होती, रंग अप्रतिम, तीही ठेवून दिली.

मग मी शेवटी विचारलं. गृहस्थांना म्हटलं, "लोणी खाणारा कृष्ण आणि यशोदा, मागे निळं दार, यशोदेचा हिरवा शालू, असं एखादं कॅलेंडर आहे का?" खरं तर जाहिरातींचं निमित्त होतं. ग्रँट रोडला उतरल्यापासून मी तेच शोधत होते, फक्त नणंदेला सांगितलं नव्हतं.

त्यांनी आधी एक कोरं चित्र काढलं, कडा कशा धारदार, कागद दुधासारखा. म्हणाले, "हे नवं आहे बहनजी, खोटं नाही बोलणार. जुन्यावरून काढलेलं." त्यांच्याकडे घड्याळजीचं भिंग होतं, ते डोळ्याला लावून बघायला दिलं. यशोदेचा गाल म्हणजे नुसते बारीक ठिपके, फुलांसारखे एका मापात मांडलेले. मग रविवर्मा छापखान्याचं एक फाटकं चित्र दाखवलं. त्यातही ठिपके होते, पण हातानं टाकलेले, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ. माणसाच्या हाताचा आणि यंत्राचा फरक असा कळतो. कॅलेंडरं मात्र पुढे सगळी यंत्रावरच छापली गेली, त्यामुळे तिथे ठिपके दिसले म्हणून चित्र नवंच, असं समजू नका. कॅलेंडरात कागदाचा वास, पिवळेपणा आणि खाली टाचण्यांची भोकं बघायची. तारखांचा गठ्ठा तिथे मारलेला असतो ना.

आणि एक, नवं काढलेलं चित्र घेण्यात काही कमीपणा नाही बरं का. नवं म्हणून, नव्याच्या भावात मिळालं तर खुशाल घ्या. स्वयंपाकघराजवळच्या भिंतीला, जिथे फोडणीचा धूर जाणार, तिथे तेच बरं.

पण मला ते नको होतं. गृहस्थ उठले, मागच्या माळ्यावरून एक गुंडाळी काढली, दोऱ्यानं बांधलेली, धुळीनं माखलेली. एकेक उलगडत गेले. मारुती, शंकरपार्वती, शिवाजीमहाराज, बाळंतविड्यासारखं गुटगुटीत बाळ, पुन्हा मारुती. आणि सातवी की आठवी माझी यशोदा! तोच शालू, तेच दार, कृष्णाच्या गालावर लोण्याचा तोच ठिपका. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. क्षणभर वाटलं, आमचीच रद्दी फिरत फिरत इथे आली की काय.

खाली पट्टी वाचली. 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी, बार्शी.'

आमच्या पट्टीवर सातारा होतं. मामंजींचं पेठेत किराण्याचं दुकान होतं, 1998 साली बंद झालं. त्या कॅलेंडरावर त्यांच्या दुकानाचं नाव होतं, एवढं मला माहीत होतं. लोक देवाचं चित्र चौकटीत बसवताना खालची जाहिरातीची पट्टी कापून टाकतात. आईंनी कापली नव्हती. ते मी रोज बघत होते, पण तसं का, हे कधी विचारलं नव्हतं. चित्र परत मिळालं होतं, नाव मिळणार नव्हतं.

सहाशे सांगितले होते, साडेतीनशेला मिळालं. घासाघीस नणंदेनं केली, माझा आवाजच फुटत नव्हता. गृहस्थांनी ते पुठ्ठ्याच्या नळीत घालून दिलं आणि म्हणाले, याला घडी घालू नका. शिवाय दोन कापडाची तिकिटं घेतली, मोराचं आणि हत्तीचं.

परतीची गाडी सकाळची, कोल्हापूरला जाणारी. लोणावळा सुटलं तशी मी खिडकीशी सरकून बसले. मळवलीला आमची गाडी थांबत नाही. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या लेण्यांना जायचं तर पुण्याहून लोकलनं यावं लागतं. पिवळी पाटी दिसली न दिसली तोच मागे गेली. एवढ्याशा गावातून लक्ष्मी-सरस्वती घराघरात गेल्या! तो छापखाना 1972 साली आगीत जळाला. मांडीवर नळी घेऊन मी बसले होते, शेजारच्या बाईंनी विचारलं, "नकाशा आहे का?" मी हो म्हटलं. काय सांगणार!

घरी आल्यावर पाय धुऊन आधी आईंच्या पुढे नळी ठेवली. त्यांनी चष्मा लावला, चित्र गादीवर पसरलं, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. बराच वेळ बघितलं. मग पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "हे आपलं नव्हे."

"नव्हे," मी म्हटलं. "आई, माझं चुकलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण हळूहळू सांगू लागल्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला कॅलेंडरवाल्यांचा एजंट नमुन्यांची मोठी चोपडी घेऊन यायचा. चित्रं सगळी तिकडे दक्षिणेत शिवकाशीला छापलेली, प्रत्येकाला नंबर. दुकानदारानं नंबर सांगायचा, खालच्या कोऱ्या पट्टीवर त्याचं नाव छापून यायचं. बाकीचे दुकानदार दुकानातच नंबर सांगून मोकळे होत. मामंजी ती चोपडी रात्रभरासाठी घरी आणत आणि आईंना म्हणत, "तू काढ." वर्षभरात दुकानाबद्दल आईंना विचारलं जायचं ते एवढं एकच. 1984 च्या पावसाळ्यात आईंना दिवस राहिले होते. आधीचं एक गेलं होतं. त्यांनी यशोदेवर बोट ठेवलं. ते कॅलेंडर 1985 चं, आणि त्याच वर्षी, जानेवारीत, 'हे' झाले. चित्राच्या मागे आईंनी पेन्सिलीनं जन्मवेळ लिहून ठेवली होती. चौकटीच्या आड होती, मला कशी दिसणार? पण रद्दीत घालण्यापूर्वी मी ते उलटूनही बघितलं नाही, हेही तितकंच खरं.

मग आई म्हणाल्या, "पेन्सिल दे." चित्र उपडं केलं आणि मागे लिहिलं, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. खाली यांचं नाव. पेन्सिलीनंच लिहिलं, कारण शाई पुढे उमटते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

आता चौकटीचं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाकडे असं चित्र असेल तर उपयोगी पडेल. चौकटवाला सवयीनं चित्र पुठ्ठ्याला डिंकानं चिकटवायला निघतो, त्याला चिकटवू देऊ नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची पांढरी किनार घालायला सांगा, आणि तो पुठ्ठा आम्लरहित हवा म्हणून बजावा. साध्या पुठ्ठ्यानं कागद काही वर्षांत तपकिरी होतो. किनारीमुळे काच कागदाला टेकत नाही. काच टेकली की पावसाळ्यात दमटपणानं रंग काचेला धरतो. मागच्या बाजूला चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यामध्ये वारा खेळतो, ओल धरत नाही, कसर होत नाही. बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर टांगू नका आणि जिथे ऊन येतं तिथेही नको. लाल रंग सगळ्यात आधी उडतो. काच पुसताना पाणी काचेवर न शिंपडता फडक्यावर घ्या. आणि दर दिवाळीला उतरवून मागे हात फिरवा. मागे काय आहे तेही बघा.

मोराचं आणि हत्तीचं तिकीट दिवाणखान्यात लावलं. ते बरं दिसतं, आल्यागेल्याला आवडतं. यशोदा मधल्या खोलीत, पूर्वीच्याच खिळ्यावर. चौकट घरी आली त्या दिवशी आईंनी आपली ट्रंक उघडली आणि तळाशी वर्तमानपत्राच्या खालून दुकानाचं एक पावतीपुस्तक काढलं. अर्ध्याहून अधिक कोरं. वर छोटा गणपती छापलेला, खाली मामंजींचं आणि दुकानाचं नाव. त्यातली एक पावती अलगद फाडून मला दिली आणि म्हणाल्या, "हीही बसवून आण. लहान चौकट पुरेल."

तेव्हापासून दोन्ही शेजारी शेजारी आहेत. बार्शीची यशोदा आणि साताऱ्याची पावती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका खालची पट्टी वाचून हमखास विचारतात, "बार्शीला तुमचं कोण हो?" मी काही बोलण्याआधी आईच सांगतात, "दुकानदार होते. आमच्यासारखेच."